रॅम वाढवण्यापूर्वी: संगणकाची मेमरी समजून घेऊन योग्य ती कशी निवडावी

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की नागपुरात सीताबर्डीच्या संगणक दुकानांत विद्यार्थी आणि पालकांची वर्दळ वाढते. काहींना नवा लॅपटॉप हवा असतो, तर काही जण घरातले चार-पाच वर्षांचे यंत्र घेऊन येतात आणि ‘रॅम वाढवून द्या’ एवढीच मागणी करतात. रॅम म्हणजे चालू असलेले प्रोग्राम आणि त्यांची माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘किती जीबी?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आणखी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: यंत्र नेमके कशामुळे अडते आहे, त्यात कोणत्या पिढीची रॅम बसते, आणि ती लावायला जागा शिल्लक आहे का. या तिन्ही गोष्टी घरी बसून, एक रुपयाही खर्च न करता कळू शकतात. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: आधी मोजावे, मग विकत घ्यावे. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली बरीच उत्पादनक्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली. अशा काळात गरज नसताना घेतलेली किंवा चुकीच्या पिढीची घेतलेली रॅम विद्यार्थ्याच्या खिशाला चांगलीच जाणवते.

मोजायला शिकण्याआधी आपण काय मोजत आहोत ते समजले पाहिजे.

एकाच यंत्रात इतक्या प्रकारची मेमरी का असते

प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी क्रिया करतो. तीन गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका साधारण एक तृतीयांश नॅनोसेकंदाचा असतो, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. इतक्या वेगाने माहिती पुरवू शकणारी मेमरी बनवता येते, पण ती चिपवर फार जागा घेते आणि फार महाग पडते. उलट, स्वस्तात भरपूर माहिती साठवणारी साधने बनवता येतात, पण ती प्रोसेसरच्या मानाने अतिशय संथ असतात. वेग, आकारमान आणि किंमत या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत मिळत नाहीत, म्हणून संगणकात अनेक प्रकारची मेमरी एकापुढे एक मांडलेली असते.

प्रोसेसरच्या सर्वांत जवळ, त्याच्या आतच, रजिस्टर आणि कॅश मेमरी असते. कॅशचे साधारणपणे तीन स्तर असतात. पहिल्या स्तराची कॅश प्रत्येक कोअरमागे (कोअर म्हणजे प्रोसेसरचा स्वतंत्रपणे काम करणारा भाग) काही दहा किलोबाइट इतकीच असते, पण तिच्यातली माहिती एक-दोन नॅनोसेकंदांत हाती येते. तिसऱ्या स्तराची कॅश काही मेगाबाइटपासून काही दहा मेगाबाइटपर्यंत असते आणि ती त्याहून संथ असते. कॅश ज्या तंत्राने बनते त्याला स्टॅटिक रॅम म्हणतात. तिच्यात एक बिट साठवायला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. वापरकर्त्याला ही मेमरी वाढवता येत नाही. प्रोसेसर निवडताना जी मिळाली तीच कायमची.

त्यानंतर येते आपली नेहमीची रॅम, म्हणजे डायनॅमिक रॅम. इथून माहिती आणायला प्रोसेसरला साधारण ६० ते १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे त्याचे दोनशेहून अधिक ठोके वाट पाहण्यात जाऊ शकतात. त्याच्याही पलीकडे एसएसडी आणि हार्ड डिस्क, म्हणजे वीज गेल्यावरही फाइली टिकवणारी साठवण असते. एसएसडीला एखादी माहिती शोधून द्यायला बहुधा काही दहा ते शंभर-दीडशे मायक्रोसेकंद लागतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. त्यात वाचणारे टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला की एका शोधाला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. रॅमशी तुलना केली तर एसएसडी साधारण हजारपट आणि हार्ड डिस्क लाखपटीहून अधिक संथ आहे. पुढे ‘रॅम कमी पडली की यंत्र का अडकते’ याचे सगळे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

रॉम (मूळ अर्थ फक्त वाचायची मेमरी) या शब्दाबद्दल थोडक्यात सांगायचे तर संगणक सुरू करताना लागणारा पहिला प्रोग्राम, म्हणजे बायोस किंवा आजचा युईएफआय, मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरच्या, एका लहान फ्लॅश चिपमध्ये असतो आणि वीज नसतानाही टिकतो. पेन ड्राइव्ह, मोबाइलचे स्टोरेज आणि एसएसडी हेही फ्लॅश तंत्रावरच चालतात. हे तंत्र १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विकसित केले. मोबाइलच्या जाहिरातीत ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’ असे लिहिलेले असते तेव्हा तिथला दुसरा आकडा स्टोरेजचा असतो, हे नवशिक्याने लक्षात ठेवावे.

रॅमच्या आत नेमके काय घडते

डायनॅमिक रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची आहे. त्यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. एक बिट साठवायला फक्त एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरे, असा तो विचार होता. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली, आणि तिथून या तंत्राने चुंबकीय कड्यांच्या जुन्या मेमरीची जागा घ्यायला सुरुवात केली. आज बाजारात मिळणाऱ्या ८ जीबीच्या एका रॅममध्ये असे सुमारे ६,८७२ कोटी कपॅसिटर असतात.

हा कपॅसिटर इतका सूक्ष्म असतो की त्यातला विद्युतभार टिकत नाही. उन्हाळ्यात घरोघरी ठेवलेला मातीचा माठ जसा न उपसताही पाझरून रिता होत जातो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो, तसाच हा कपॅसिटर सतत पाझरत असतो. म्हणून डीडीआर३ आणि डीडीआर४ रॅमच्या मानकांनुसार कपॅसिटरांची प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा लिहिली जाते. डीडीआर५ मध्ये ही मुदत ३२ मिलिसेकंदांवर आली आहे. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात. आपण काहीही न करता पडद्याकडे पाहत बसलो असलो तरी रॅमच्या आत हे काम अखंड चालू असते. वीज गेली की ते थांबते, आणि रॅममधली माहिती नाहीशी होते. जतन न केलेला निबंध किंवा हिशेब वीज गेल्यावर परत मिळत नाही तो याच कारणाने.

माहिती नाहीशी होते, पण त्याच क्षणी नव्हे. २००८ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की वीज तोडल्यावरही साध्या खोलीच्या तापमानाला रॅममधली माहिती काही सेकंद टिकू शकते, आणि चिप खूप थंड केल्या तर त्याहून बराच जास्त वेळ. ६४ मिलिसेकंदांची मर्यादा ही सर्वांत दुबळ्या कपॅसिटरचा आणि तापलेल्या स्थितीचा विचार करून घातलेली आहे. बहुतेक कपॅसिटर त्यापेक्षा पुष्कळ जास्त काळ तग धरतात.

तापमानाचा हा मुद्दा नागपूरकरांना परका नाही. चिप जितकी तापते तितका विद्युतभार लवकर पाझरतो, म्हणूनच मानकात अशी तरतूद आहे की चिपचे तापमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेले तर रिफ्रेश दुप्पट वेगाने व्हावा. मे महिन्यात शहराचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला म्हणजे लगेच रॅम बिघडते असे मुळीच नाही, कारण ४५ आणि ८५ यांत मोठे अंतर आहे. पण खोलीतलीच हवा तापलेली असेल, कॅबिनेटच्या जाळ्या धुळीने बुजल्या असतील आणि पंखा धापा टाकत असेल, तर ते अंतर घटत जाते. उन्हाळ्यापूर्वी एकदा कॅबिनेट उघडून धूळ काढणे हा या शहरात संगणकाच्या देखभालीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवणे मात्र टाळावे, कारण त्या हवेत ओलावा आणि बारीक कण दोन्ही असतात.

आता वाचनाची क्रिया पाहू. रॅममधले कपॅसिटर आडव्या ओळी आणि उभे स्तंभ अशा जाळीत मांडलेले असतात. प्रोसेसरला एखादी माहिती हवी असली की आधी ती ज्या ओळीत आहे ती संपूर्ण ओळ उघडली जाते. उघडताच त्या ओळीतल्या सगळ्या कपॅसिटरांचा विद्युतभार उभ्या तारांवर उतरतो आणि तारेच्या टोकाशी असलेला सेन्स अँप्लिफायर तो क्षीण बदल ओळखून ‘शून्य की एक’ याचा निर्णय करतो. या वाचनात मूळ कपॅसिटर रिकामा होतो, म्हणून वाचलेली किंमत तिथे लगेच परत लिहावी लागते. ओळ उघडल्यानंतर हवा तो स्तंभ निवडला जातो आणि माहिती बाहेर येते. स्तंभ निवडण्याची आज्ञा दिल्यापासून माहितीचा पहिला भाग येईपर्यंत जितके ठोके जातात त्या संख्येला कॅस लेटन्सी म्हणतात. रॅमच्या वेष्टनावर ‘सीएल १६’ किंवा ‘सीएल २२’ असे लिहिलेले असते ते हेच.

एकटा एक बाइट कधीच येत नाही. डीडीआर४ मध्ये एका वेळी ६४ बिट रुंदीच्या मार्गावरून ओळीने आठ खेपांत माहिती येते, म्हणजे एकूण ६४ बाइट. प्रोसेसरच्या कॅशमधला एक कप्पाही बहुतेक संगणकांत ६४ बाइटचाच असतो. एकापाठोपाठ असलेली माहिती वाचणारा प्रोग्राम वेगाने का धावतो आणि इकडची-तिकडची माहिती वेचणारा का रेंगाळतो, याचे कारण इथे सापडते. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, असे मी आवर्जून सुचवीन.

डीडीआर, आणि पिढ्यांचा हिशेब

डीडीआर म्हणजे ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवणारी रॅम. तिची मानके जेडेक ही संस्था ठरवते. पहिल्या डीडीआरचे मानक २००० मध्ये आले, डीडीआर३ चे २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये. दर पिढीत विजेचा दाब कमी होत गेला: डीडीआर३ साठी १.५ व्होल्ट, तिच्याच कमी विजेच्या प्रकारासाठी १.३५, डीडीआर४ साठी १.२ आणि डीडीआर५ साठी १.१ व्होल्ट.

प्रत्येक पिढीच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर३ किंवा डीडीआर५ बसत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमना २८८ पिन असल्या तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. लॅपटॉपची रॅम आकाराने आखूड असते. तिला एसओ-डिम म्हणतात आणि तिच्या पिनांची संख्या डीडीआर३ मध्ये २०४, डीडीआर४ मध्ये २६० आणि डीडीआर५ मध्ये २६२ असते. बसत नसलेली रॅम जोर लावून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

वेगाच्या आकड्यांचा अर्थ लावताना पुष्कळांची दिशाभूल होते. डीडीआर४-३२०० मधील ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी खेपा. प्रत्येक खेपेत आठ बाइट, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. डीडीआर३-१६०० साठी हाच आकडा १२.८ आणि डीडीआर५-४८०० साठी ३८.४ जीबी आहे. एका ठोक्यात दोन खेपा होत असल्याने ३२०० च्या रॅमचा प्रत्यक्ष ठोका १६०० मेगाहर्ट्झचा असतो, आणि सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम तोच दाखवतो. तिथे १६०० पाहून ‘दुकानदाराने अर्ध्या वेगाची रॅम दिली’ असा समज करून घेऊन भांडायला जाऊ नये. आधी त्या आकड्याला दोनाने गुणावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट मात्र वेष्टनावर छापलेली नसते. कॅस लेटन्सीचे ठोके नॅनोसेकंदांत बदलून पाहा. डीडीआर-४०० ची सीएल ३ रॅम १५ नॅनोसेकंद घेई, डीडीआर३-१६०० सीएल ११ ही १३.७५ घेते, डीडीआर४-३२०० सीएल २२ हीसुद्धा १३.७५ घेते आणि डीडीआर५-४८०० सीएल ४० जवळजवळ १६.७ घेते. दोन दशकांत एका वेळी वाहून नेण्याची क्षमता बारापट झाली, पण पहिला भाग हाती येईपर्यंतची वाट जवळपास तेवढीच राहिली. म्हणून कार्यालयीन कामासाठी किंवा अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रात थोड्या जास्त मेगाहर्ट्झसाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही. पुरेशी रॅम असणे हे वेगवान रॅम असण्यापेक्षा कितीतरी पटींनी मोलाचे आहे.

रॅम कमी पडते तेव्हा

आपण उघडलेल्या सर्व प्रोग्रामांना मिळून रॅमपेक्षा जास्त जागा लागली तर ऑपरेटिंग सिस्टिम त्यांना लगेच नकार देत नाही. ती मेमरीची वाटणी पानांत करते. बहुतेक संगणकांत एक पान चार किलोबाइटचे असते. जी पाने बराच वेळ वापरली गेलेली नाहीत ती ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर हलवते, आणि त्यांची गरज पडली की परत आणते. याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. थोड्या प्रमाणात ही व्यवस्था उपकारक आहे. पण रॅम फारच अपुरी असली तर पाने नेण्या-आणण्यातच सगळा वेळ जाऊ लागतो, आणि वर पाहिलेला हजारपट किंवा लाखपट संथपणा प्रत्येक क्लिकमागे जाणवू लागतो. माऊस हलतो, पण खिडकी उघडत नाही. हार्ड डिस्कचा दिवा लागलेलाच राहतो.

मोबाइलच्या जाहिरातींत ‘८ अधिक ८ जीबी’ असे जे छापतात त्यातला दुसरा आठ हा याच प्रकारातला आहे. फोनच्या स्टोरेजचा एक भाग रॅमची गर्दी उतरवायला वापरला जातो. त्यामुळे मागे ठेवलेली काही ॲप थोडा जास्त वेळ टिकू शकतात, पण तो फोन १६ जीबी रॅमचा होत नाही. फोनची तुलना करताना फक्त पहिला आकडा धरावा.

पहिली पायरी: गरज मोजणे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरी निवडावी. हे मोजमाप यंत्र नुकतेच सुरू केलेले असताना करू नये. आपण रोज जे काम करतो ते सगळे आधी उघडावे: विद्यार्थ्याने ऑनलाइन वर्गाची खिडकी, ब्राउझरमधले नेहमीचे टॅब आणि प्रोग्रामिंगचे साधन, इतवारीतल्या व्यापाऱ्याने टॅली आणि एक्सेल, लग्नपत्रिका छापणाऱ्याने कोरलड्रॉ आणि फोटोशॉप. पंधरा-वीस मिनिटे नेहमीसारखे काम करून मग आकडे पाहावेत.

‘इन यूज’ हा वापरात असलेल्या मेमरीचा आकडा, ‘अव्हेलेबल’ हा लगेच देता येण्याजोग्या मेमरीचा. ‘कॅश्ड’ हा आकडा मोठा दिसला तर घाबरू नये. रिकामी पडून असलेली रॅम वाया जाऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम अलीकडे वाचलेल्या फाइली तिथे ठेवते, आणि प्रोग्रामला गरज पडताच ती जागा मोकळी करून देते. ‘रॅम क्लीनर’ म्हणून जे प्रोग्राम फिरतात ते बहुधा हीच उपयोगी व्यवस्था मोडतात आणि त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचायला लावतात. ते वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या कामात ‘अव्हेलेबल’ एकूण रॅमच्या दहाव्या भागाखाली जात असेल आणि ‘कमिटेड’चा (प्रोग्रामांना देऊ केलेल्या एकूण मेमरीचा) पहिला आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर रॅम खरोखर अपुरी आहे. याउलट, अर्धी रॅम मोकळी असूनही यंत्र रखडत असेल आणि डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांवर दिसत असेल, तर दोष रॅमचा नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडेल तो रॅम वाढवून पडणार नाही. सहा-सात वर्षांपूर्वीच्या पुष्कळ लॅपटॉपांची खरी दुखणी हार्ड डिस्कची असतात.

किती रॅम घ्यावी, याबद्दलचे माझे मत असे आहे. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर आजचा ब्राउझर सुखाने चालत नाही. टायपिंग, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी ८ जीबी पुरते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने, अँड्रॉइड ॲप बनवणाऱ्याने किंवा मोठ्या चित्रांवर काम करणाऱ्याने १६ जीबी घ्यावी. व्हिडिओ संपादन हाच व्यवसाय असेल तर ३२ जीबीचा विचार करावा. ज्यांच्या यंत्रावर अजून ३२ बिटांची विंडोज आहे त्यांनी रॅम वाढवण्याआधी ६४ बिटांची विंडोज घालावी, कारण ३२ बिटांच्या पत्त्यांनी ४ जीबीच मोजता येते आणि त्यातलाही काही भाग इतर उपकरणांना जातो.

दुसरी पायरी: काय बसते ते ओळखणे

त्याच मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ (वापरलेले स्लॉट) आणि ‘फॉर्म फॅक्टर’ (रॅमचा आकार-प्रकार) अशा दोन नोंदी असतात. ‘दोनपैकी एक’ असे दिसले तर सहसा एक स्लॉट मोकळा असतो. पण अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते आणि अशा यंत्रांत ही नोंद फसवी ठरू शकते, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची माहिती पाहून खात्री करावी. नवा लॅपटॉप घेतानाही हा प्रश्न आवर्जून विचारावा. रॅम जोडलेली असेल तर चार वर्षांनी लागणारी रॅमही आजच घ्यावी लागते.

पिढी ओळखण्यासाठी सीपीयू-झेडचे मेमरीचे पान पाहावे, किंवा यंत्र उघडून रॅमवरचे लेबल वाचावे. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००’ असे लेबल असेल तर ती डीडीआर४-३२०० असून तिच्यावर ८ बिट रुंदीच्या आठ चिपांचा एक संच आहे. ‘पीसी३एल-१२८००’ म्हणजे डीडीआर३-१६००, आणि त्यातला ‘एल’ म्हणजे १.३५ व्होल्ट. काही लॅपटॉपांना ही कमी दाबाचीच लागते, त्यामुळे हे एक अक्षर वगळून चालत नाही. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. ती साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही.

तिसरी पायरी: खरेदी

दुकानात जाताना जुन्या रॅमच्या लेबलाचा फोटो आणि मदरबोर्डचे किंवा लॅपटॉपचे मॉडेल सोबत न्यावे. वेगवेगळ्या वेगाच्या दोन रॅम लावल्या तर दोन्ही कमी वेगाच्या रॅमप्रमाणे चालतात. दोन्ही सारख्या क्षमतेच्या असतील तर प्रोसेसर त्या दोन मार्गांनी एकाच वेळी वाचू शकतो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रांत चित्राचे कामही याच रॅममधून चालते, म्हणून तिथे १६ च्या एका रॅमऐवजी ८ च्या दोन घेणे अधिक फायद्याचे ठरते. पुढे आणखी वाढवायचे असेल आणि स्लॉट दोनच असतील तर मात्र एक मोठी घेणे शहाणपणाचे.

बिल पक्के, जीएसटीसह आणि अनुक्रमांकासह घ्यावे. नामांकित कंपन्यांच्या रॅमवर बरीच वर्षे वॉरंटी असते आणि बिल नसेल तर तिचा लाभ मिळणे कठीण जाते.

चौथी पायरी: बसवणे

संगणक बंद करून वायर काढावी, आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉपची बॅटरी काढता येत असेल तर काढावी. आत असेल तर तिची जोडणी सोडवावी, आणि ते जमत नसल्यास हे काम दुकानात करून घ्यावे.

स्थिर विजेची काळजी इथे विशेष घ्यायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातली हवा अतिशय कोरडी असते आणि अशा हवेत अंगावर विद्युतभार सहज साठतो. साधारण ३,००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण चिप त्याहून पुष्कळ कमी दाबाने बिघडू शकते. म्हणून नायलॉनचा गालिचा किंवा कृत्रिम कापडाचे कपडे टाळावेत, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच रॅम हाती घ्यावी, आणि ती कडांनी धरावी. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

डेस्कटॉपमध्ये स्लॉटची कुलपे उघडून, खाच जुळवून, रॅम दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन सरळ खाली दाबावी. कुलपे आपोआप मिटून ‘टक्’ असा आवाज येतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन रॅम लावायच्या असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात, तरी मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. लॅपटॉपमध्ये रॅम तिरकी आत सरकवून मग खाली दाबतात.

पाचवी पायरी: तपासणे

डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळात मदरबोर्ड रॅमशी आपले वेळेचे गणित जुळवत असतो. मध्येच वीज बंद करू नये. बराच वेळ थांबूनही पडदा उजळला नाही किंवा बीप ऐकू आले, तर यंत्र बंद करून रॅम काढून पुन्हा बसवावी, आणि दोन असतील तर एकेक लावून पाहावी. जुन्या रॅमच्या पट्ट्या मळल्या असतील तर मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसाव्यात.

यंत्र नीट सुरू झाले की टास्क मॅनेजरमध्ये एकूण क्षमता आणि वेग पाहावा. वेष्टनावर ३६०० लिहिलेली रॅम तिथे २६६६ वर चालताना दिसली तर ती सदोष नसते. जाहिरातीतला वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय सुरू करावा लागतो, आणि तोही मदरबोर्ड व प्रोसेसर झेपवत असतील तरच.

शेवटी मेमरीची चाचणी घ्यावी. विंडोजच्या शोधपट्टीत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधले की यंत्र पुन्हा सुरू होऊन चाचणी चालते. अधिक कसून तपासायचे असेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावा. एक्सएमपी किंवा एक्सपो चालू असताना चूक दिसली तर तो पर्याय बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. त्यानंतरही एक जरी चूक आढळली तर ती रॅम स्वीकारू नये, कारण त्या एका बिटामुळे एखादी फाइल केव्हा खराब होईल हे कळायला मार्ग नसतो. खरेदीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच ही चाचणी उरकावी, म्हणजे बिल दाखवून रॅम बदलून घेणे सोपे जाते.